वाट पाहू शकणारा पैसा

२३ मे १९३७ रोजी जॉन डी. रॉकफेलर वारले. वय ९७. स्टँडर्ड ऑइलचे संस्थापक, अमेरिकेतल्या तेलधंद्यावर एकेकाळी जवळजवळ एकहाती ताबा असलेले, आपल्या काळात जगातले सर्वांत श्रीमंत म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ. त्यांच्या पश्चात ज्या गोष्टी घरात वाटल्या गेल्या, त्यांत न्यूयॉर्क शेअर बाजारातली एक ‘सीट’ होती. सीट म्हणजे बाजारात स्वतः उतरून सौदे करण्याचा हक्क. ती आली नातवाकडे, लॉरन्सकडे. आजोबा गेले त्यानंतर तिसऱ्या दिवशी लॉरन्सला सत्तावीस वर्षं पूर्ण झाली.

अशा घरातला मुलगा पुढे काय करतो? आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो, नाहीतर आहे ते तिजोरीत सांभाळत बसतो. लॉरन्सची हकिगत वाचताना मात्र मी थक्क होत गेलो. पहिल्या अमेरिकन अंतराळवीरांची कुपी, आवाजापेक्षा वेगाने उडालेल्या पहिल्या विमानाचं इंजिन, अवकाशातून हेरगिरी करणारा कॅमेरा, इंटेलची चिप, ॲपलचा संगणक. या वस्तू बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीत त्याने, किंवा त्याने उभ्या केलेल्या संस्थेने, कधी ना कधी पैसा घातला. आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचं जंगल, वायोमिंगमधलं एका तळ्याकाठचं रान, व्हरमाँटमधली झाडांनी भरलेली टेकडी. या तिन्ही ठिकाणी आज राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातही त्याच्या दानाचा मोठा वाटा आहे. एकाच माणसाला ही दोन टोकं कशी जमली असतील? मला सापडलेलं उत्तर सोपं आहे. त्याला घाई नव्हती. वारशात मिळालेली ही एक गोष्ट त्याने पैशापेक्षा जास्त नीट वापरली.

घरात पैसा अमाप होता, पण तो मुलांच्या हाती मोजून पडे. वडील जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर शिस्तीचे. सहा मुलं, आणि प्रत्येकाकडे स्वतःची हिशेबाची वही. आठवड्याच्या खाऊच्या पैशांतला सेंट न् सेंट त्यात लिहायचा, दहावा हिस्सा शिल्लक टाकायचा आणि दहावा हिस्सा दान करायचा. लॉरन्स आणि त्याचा थोरला भाऊ नेल्सन (हाच पुढे न्यूयॉर्कचा गव्हर्नर आणि देशाचा उपाध्यक्ष झाला) यांनी लहानपणी एक उद्योगही केला. वडिलांच्या घराण्याने स्थापन केलेल्या रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेतून सशांच्या जोड्या आणल्या, त्यांची पिल्लं वाढवली आणि प्रयोगांसाठी त्याच संस्थेला विकली. भांडवल, वाढ, विक्री, सगळा धडा घराच्या आवारातच झाला. प्रिन्स्टनमध्ये मात्र त्याने विषय घेतला तत्त्वज्ञान. १९३२ साली पदवी मिळाली. नंतर हार्वर्डमध्ये दोन वर्षं कायदा शिकला आणि तो अर्धवट सोडला.

शेअर बाजारातल्या त्या सीटवर बसून चालत्या कंपन्यांचे शेअर घेत-विकत राहणं त्याला सहज जमलं असतं. त्याचं लक्ष वेधलं गेलं ते विमानांकडे. १९३८ साली पहिल्या महायुद्धातला नामांकित वैमानिक एडी रिकेनबॅकर जनरल मोटर्सकडून ईस्टर्न एअर लाइन्स विकत घेण्याच्या खटपटीत होता. किंमत ३५ लाख डॉलर. त्या व्यवहाराला बळ देणाऱ्यांत लॉरन्स होता आणि पुढे कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक तोच झाला. विमानप्रवास ही तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. आगगाडीच्या भरवशाच्या वेळापत्रकापुढे विमान हा धाडसी लोकांचा शौक वाटे.

पुढच्याच वर्षीची गोष्ट आणखी बोलकी आहे. जेम्स मॅकडॉनेल नावाचा एक विमान अभियंता सेंट लुईसमध्ये स्वतःची कंपनी काढू पाहत होता. हाताशी मागण्या नव्हत्या, कारखाना म्हणण्यासारखं काही नव्हतं. लॉरन्सने त्याला १० हजार डॉलर दिले. पहिल्या वर्षी कंपनीची विक्री शून्य होती. १९४६ च्या जुलैमध्ये याच कंपनीचं ‘फँटम’ हे जेट विमान अमेरिकन नौदलाच्या विमानवाहू जहाजावर उतरलं आणि तिथूनच पुन्हा उडालं. आणि २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला, तो ज्या मर्क्युरी कुपीत बसून, ती सेंट लुईसमध्ये मॅकडॉनेलच्याच लोकांनी घडवलेली होती.

इथे थोडं थांबून या प्रकारच्या गुंतवणुकीची रीत समजून घ्यायला हवी, कारण आज ती आपल्याकडे पुण्या-बंगळूरच्या प्रत्येक स्टार्टअपवाल्याच्या तोंडी असते, पण तेव्हा तिला धड नावही नव्हतं. बँक कर्ज देते ते तारण बघून. जमीन, यंत्रं, चालू धंद्याची आवक, असं काहीतरी समोर लागतं. ज्याच्याकडे फक्त आराखडा आणि डोक्यातली कल्पना आहे, त्याच्यासाठी बँकेचा दरवाजा बंद. अशा माणसाला पैसा द्यायचा तर कर्ज म्हणून देऊन उपयोग नाही, कारण हप्ता तो फेडणार कशातून? म्हणून पैसे देणारा कंपनीचा हिस्सा घेतो. कंपनी बुडाली तर त्याचेही पैसे बुडतात, तरली तर हिश्श्याची किंमत शेकडो पटींनी वाढू शकते. दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडतातच. एखाद-दुसरी जी उभी राहते तिने सगळ्यांची भरपाई करायची असते, आणि ती उभी राहायला सात वर्षंही लागतात, बारा वर्षंही लागतात. तोवर ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी पैसे काढून घ्यावे लागतात, तो या खेळात टिकू शकत नाही. लॉरन्सला काढून घ्यावे लागत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, विमानांच्या उत्पादनाशी संबंधित कामावर. कुठला कारखाना काय बनवू शकतो आणि कुठे अडतो, हे त्याला आतून दिसलं. परतल्यावर, १९४६ मध्ये, भावंडांना बरोबर घेऊन त्याने रॉकफेलर ब्रदर्स ही कंपनी काढली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन हे व्हिटनीने आणि बोस्टनमध्ये जॉर्ज दोरिओने याच धर्तीच्या संस्था सुरू केल्या. अशा गुंतवणुकीचा, म्हणजे आजच्या व्हेंचर कॅपिटलचा, उगम शोधणारे याच तीन नावांपाशी येऊन थांबतात.

त्या वर्षांत त्याने हात घातलेल्या कंपन्यांची यादी एखाद्या विज्ञानकथेसारखी वाचता येते. फ्रँक पियासेकीची हेलिकॉप्टर कंपनी त्यात होती. पुढे-मागे दोन पंखे असलेलं हेलिकॉप्टर ही पियासेकीची खासियत. त्याची कंपनी पुढे व्हर्टॉल झाली, १९६० साली बोइंगने ती घेतली आणि त्याच घराण्यातून चिनूक हेलिकॉप्टर जन्माला आलं. २०१९ पासून आपल्या हवाई दलात चिनूक आहेत. दुसरी कंपनी रिॲक्शन मोटर्स, न्यू जर्सीतली. अग्निबाणांच्या वेडाने एकत्र आलेल्या चौघांनी ती काढली होती. अल्कोहोल आणि द्रवरूप प्राणवायू जाळणाऱ्या त्यांच्या इंजिनावर १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगरचं बेल एक्स-वन आवाजापेक्षा वेगाने उडालं.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती आयटेक. १९५७ च्या शरदात, स्पुटनिक अवकाशात गेला त्याच सुमाराला, रिचर्ड लेगहॉर्न या माजी हवाई दल अधिकाऱ्याने ती सुरू केली. पैसा लॉरन्सच्या गोटातला. तिचं खरं काम बाहेर कुणालाही सांगायची सोय नव्हती: ‘कोरोना’ या गुप्त हेरउपग्रहासाठी कॅमेऱ्याची रचना. त्या उपग्रहातून चित्रं बिनतारी पाठवता येत नसत. फिल्म अवकाशात भरायची, डबीत बंद करून खाली सोडायची आणि पॅराशूटने उतरणारी ती डबी विमानाने हवेतच आकड्यात पकडायची! ऑगस्ट १९६० मध्ये हे पहिल्यांदा साधलं. १९९५ साली ही चित्रं खुली झाली. त्यांची संख्या आठ लाखांहून जास्त. आज पश्चिम आशियातल्या गाडल्या गेलेल्या वस्त्या आणि जुने रस्ते शोधणारे पुरातत्त्वज्ञ तीच चित्रं पालथी घालतात, कारण धरणं आणि नांगर फिरण्याआधीची जमीन त्यांत दिसते.

१९६९ मध्ये या सगळ्या कामाला वेनरॉक हे नाव मिळालं, व्हेंचर आणि रॉकफेलर यांची जुळणी. नव्याने निघालेल्या इंटेलमध्ये वेनरॉक शिरलं. १९७८ च्या जानेवारीत दोन तरुण स्टीव्हच्या ॲपल नावाच्या कंपनीत वेनरॉकने २ लाख ८८ हजार डॉलर घातले. ॲपलचे शेअर बाजारात आले डिसेंबर १९८० मध्ये. आजोबांचा पैसा दिव्याच्या रॉकेलपासून सुरू झाला होता, तो नातवाच्या हयातीत घरगुती संगणकापर्यंत पोचला.

आता त्या बेटाकडे वळू. सेंट जॉन हे व्हर्जिन आयलंड्समधलं एक छोटं बेट. तिथे डॅनिश मळेवाले ऊस लावत. मळ्यांवर राबत ते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. १७३३ साली त्यांनी उठाव करून काही महिने बेटाचा बराच भाग ताब्यात ठेवला होता. १८४८ साली गुलामी संपली, साखरेचा धंदा ढासळला, मळे ओस पडले आणि उसाच्या रानात झाडं परत आली. १९१७ मध्ये डेन्मार्कने ही बेटं अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला अमेरिकेला विकली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉरन्स तिथे पोचला तेव्हा पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यांच्या मागे ते नव्याने उगवलेलं जंगल शंभरेक वर्षांचं झालं होतं. दुसऱ्या एखाद्याने प्लॉट पाडून विकले असते. त्याने जमीन जमवली, ५ हजार एकरांहून जास्त, आणि सगळी देशाला देऊन टाकली. १९५६ च्या डिसेंबरात व्हर्जिन आयलंड्स राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन झालं.

केनील बे या उपसागराकाठी त्याने एक हॉटेल मात्र ठेवलं. खोल्यांत टेलिफोन नाही, टीव्ही नाही. इमारती झाडांहून उंच जाऊ दिल्या नाहीत. १९८३ मध्ये तीही जमीन सरकारला दिली, अशा करारावर की हॉटेल चाळीस वर्षं चालावं आणि मग सगळं उद्यानात मिसळून जावं. करार लिहिताना तो त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि मुदत संपायची होती २०२३ साली. २०१७ च्या इर्मा वादळाने हॉटेलची धूळधाण केली, पण मुदत कागदावर लिहिल्याप्रमाणेच संपली.

याच काळातला एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. १९५७ साली रॉकफेलर भावंडांच्या निधीने फिलिपिन्सचे दिवंगत अध्यक्ष रॅमन मॅगसेसे यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. भावंडांचा तो निधी १९४० पासूनचा आणि लॉरन्स त्याच्या कारभाऱ्यांपैकी एक. १९५८ मध्ये पहिल्यांदा पुरस्कार दिले गेले तेव्हा लोकनेतृत्वासाठी निवड झाली विनोबा भावे यांची, म्हणजे त्या वेळी गावोगाव पायी फिरून भूमिहीनांसाठी जमीन मागणाऱ्या कोकणातल्या गागोद्याच्या माणसाची. पुढे जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, उरुळी कांचनचे मणिभाई देसाई, बाबा आमटे, हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, अशी नावं त्या यादीत आली. तेलाच्या पैशातून निघालेला पुरस्कार हेमलकशापर्यंत पोचतो, हे मला आजही नवल वाटतं.

१९५८ मध्येच अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लॉरन्सला एका आयोगाचं प्रमुखपद दिलं. प्रश्न साधा होता: वाढत्या शहरांतल्या लोकांना मोकळी हवा, नद्या, पायवाटा कुठून मिळणार? १९६२ च्या अहवालातून पुढे जे कायदे निघाले, त्यांतला एक जमीन आणि पाण्याच्या संरक्षणनिधीचा. या निधीत १९६८ पासून मुख्य भर पडते ती समुद्रातल्या तेलाच्या भाडेपट्ट्यांतून. जमिनीखालून काढलेल्या तेलाने जमिनीवरची रानं राखायची, ही व्यवस्था देशाच्या कायद्यात आली. रॉकफेलर घराण्यात ती त्याआधीपासून चालत होती.

त्याच्या प्रत्येक निर्णयाशी मी सहमत नाही. १९६२ साली सेंट जॉनवर उद्यान वाढवण्यासाठी स्थानिकांची जमीन सक्तीने घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बेटावरच्या लोकांनी कडाडून विरोध केला आणि तो बरोबरच होता. ज्यांच्या पणज्यांनी त्या मातीत गुलामी भोगली त्यांच्या हातून ती रानासाठीही काढून घेणं न्यायाचं झालं नसतं. ती तरतूद वगळली गेली. हडसन नदीकाठच्या स्टॉर्म किंग डोंगरावरच्या वीजप्रकल्पाला त्याने पाठिंबा दिला, तेव्हा अनेक निसर्गप्रेमी त्याच्या विरोधात उभे राहिले. सगळ्यांना एका टेबलाशी बसवून मधला मार्ग काढण्यावर त्याचा विश्वास होता, आणि काही डोंगरांच्या बाबतीत मधला मार्ग नसतो.

व्हरमाँटमधली टेकडी बायकोच्या बाजूने आली. मेरी फ्रेंचशी त्याचं लग्न १९३४ साली वुडस्टॉक गावात झालं. तिचे आजोबा फ्रेडरिक बिलिंग्ज नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष. त्यांनी १८६९ मध्ये घेतलेलं घर जॉर्ज पर्किन्स मार्श या माणसाचं बालपणीचं घर होतं. जंगलतोडीने नद्या आणि माती कशी बिघडते, हे मार्शने १८६४ मध्येच एका ग्रंथात मांडलं होतं. बिलिंग्जने त्या उघड्या टेकड्यांवर झाडं लावली. मग तीन पिढ्यांनी ती राखली, तोडली, पुन्हा लावली. १९९२ मध्ये लॉरन्स आणि मेरीने घर आणि साडेपाचशे एकर जंगल देशाला दिलं. व्हरमाँटमधलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्याआधी वुडस्टॉक गावातल्या विजेच्या तारा त्याने स्वतःच्या खर्चाने जमिनीखाली घातल्या होत्या, गल्लीतून मान वर केली की आभाळ दिसावं म्हणून.

त्या तारांचं मूळ मला त्याच्या सोळाव्या वर्षात दिसतं. १९२६ च्या उन्हाळ्यात वडिलांनी कुटुंबाला वायोमिंगमध्ये नेलं. टेटन पर्वतांच्या पायथ्याशी, जॅक्सन होलच्या खोऱ्यात, यलोस्टोनचे अधीक्षक होरेस ऑलब्राइट त्यांना फिरवत होते. डोंगर असे की बोलणं थांबावं, आणि त्यांच्यासमोर टेलिफोनच्या तारा, पडकी दुकानं, जाहिरातींच्या पाट्या. वडिलांनी मग वेगळ्याच नावाच्या एका कंपनीमार्फत गुपचूप खोऱ्यातली जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. खरं नाव कळलं असतं तर भाव आकाशाला भिडले असते. गुपित फुटल्यावर पशुपालकांनी आणि राजकारण्यांनी मोठं वादळ उठवलं. दान स्वीकारलं जायला १९४९ उजाडलं, आणि १९५० मध्ये ३० हजारांहून जास्त एकर ग्रँड टेटन उद्यानात मिसळले.

एक तुकडा घराण्याने ठेवला: फेल्प्स तळ्याकाठचा जेवाय रँच, ११०० एकरांचा. लॉरन्स तिथे दर उन्हाळ्यात जाई. आयुष्याच्या शेवटाकडे त्याच्या आवडी आणखी दूरदूर गेल्या होत्या. जाणिवेच्या अभ्यासाला तो पैसा देत होता. आकाशातल्या अज्ञात वस्तूंविषयीची सरकारी कागदपत्रं खुली करावीत म्हणून क्लिंटन प्रशासनाच्या मागे लागला होता. १९३९ साली शून्य विक्रीच्या कंपनीकडे बघणारा हाच तो माणूस, कुतूहल तेच.

२००१ मध्ये त्याने जेवाय रँच द्यायचा निर्णय जाहीर केला, आणि त्यासोबत एक असं काम हाती घेतलं जे फार थोड्या दात्यांना सुचलं असतं. तिथल्या तीसेक लाकडी इमारती, घराण्याच्या कित्येक उन्हाळ्यांच्या आठवणी असलेल्या, त्याने हटवल्या. रस्ते उखडले, वीजवाहिन्या काढल्या आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर तिथलंच गवत आणि झुडपं परत आणायला सुरुवात केली. देखभालीसाठी वेगळा निधी ठेवला. ११ जुलै २००४ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. जमीन २००७ मध्ये उद्यानाकडे आली आणि २००८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. वाहनतळावर जागा आहे पन्नासेक गाड्यांपुरतीच. ती मुद्दामच तेवढी ठेवली आहे, आणि ती भरली की एक गाडी बाहेर पडेपर्यंत पुढची आत सोडत नाहीत. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा.